अक्षाच्या डावीकडची तुती

आमच्या सरांचा परिचय मी आजवर तेवीस वेळा टाइप केला आहे. प्रत्येक व्याख्यानाला, प्रत्येक मोठ्या कामाच्या प्रस्तावाला आणि पुरस्काराच्या प्रत्येक अर्जाला परिचय जोडावा लागतो. आधीचा परिचय लिहिल्यापासून आपण आणखी थोडे मोठे झालो आहोत, असं सरांना दर वेळी वाटतं. या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन म्हणून लागले त्याला एकोणीस वर्षं झाली. मी बाई असूनही हुद्दा ड्राफ्ट्समनच राहिला, कारण तो बदलायला कुणाला सवड झाली नाही. नकाशे काढणं हे माझं काम. परिचय टाइप करणं हे नंतर गळ्यात पडलेलं.

परिचयाची सुरुवात 'ज्येष्ठ भूदृश्यरचनाकार' या शब्दांनी होते. हा शब्द सरांनी कुठूनसा शोधून आणला. लँडस्केप आर्किटेक्ट म्हटलं की लोक लगेच विचारतात, "म्हणजे बागा करता ना?" आणि सरांच्या अंगाचा तिळपापड होतो. भूदृश्यरचनाकार म्हटलं की कुणी काही विचारत नाही. लोकांना शब्द कळत नाही आणि कळला नाही हे सांगायची लाज वाटते. सरांना नेमकं तेच हवं असतं.

दुसरं वाक्य असं: 'हिरवाईचा वारसा त्यांना घरातूनच लाभला.' सरांचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, नगरपालिकेच्या मोठ्या बागेत चौतीस वर्षं माळी होते. तेवीस परिचयांत या एका शब्दाला जागा मिळाली नाही. एकदा मी मनाचा हिय्या करून 'वडील माळी होते' असं टाइप करून पाहिलं. सरांनी ते लाल पेनानं खोडलं आणि वर लिहिलं, 'वडिलांचे सार्वजनिक उद्यानांच्या क्षेत्रात प्रदीर्घ कार्य.' दुसऱ्या दिवशी तेही खोडलं, कारण एखाद्यानं 'म्हणजे नक्की काय करायचे?' असं विचारलं तर पंचाईत झाली असती.

शेवटी आवडीनिवडी येतात. 'अरण्यभ्रमंती, पक्षीनिरीक्षण, मातीशी संवाद आणि मौन.' आता खरं सांगते. सरांना परागकणांची ॲलर्जी आहे. फुललेल्या झाडाजवळ दहा मिनिटं उभे राहिले की शिंका सुरू होतात, आणि एका दमात अकरा शिंका मी स्वतः मोजल्या आहेत. पक्ष्यांमध्ये कावळा आणि कबूतर यांतला फरक ते बिनचूक सांगतात. मातीशी संवाद म्हणजे पांढऱ्या बुटांना लागलेली माती कुणी पुसायची यावरून ड्रायव्हरशी होणारी बोलाचाली. सर साइटवरही पांढरेच बूट घालतात, कारण फोटो कधी निघेल सांगता येत नाही. मौन मात्र अगदी खरं आहे. माझा सुट्टीचा अर्ज टेबलावर ठेवला की ते तीन-तीन दिवस मौनात जातात.

ऑफिसच्या दारात एक कुंडी आहे. त्यातलं झाड आजवर पाच वेळा बदललं. सरांचं म्हणणं असं की त्या कोपऱ्याला झाड हवं, पाणी घालायची बादली मात्र तिथे दिसता कामा नये. झाडाला हे पटत नाही आणि ते मरतं.

पण एक गोष्ट कबूल करायलाच हवी. सर हातात पेन्सिल घेऊन झाड काढायला बसले की मी अजूनही काम बाजूला ठेवून बघत राहते. एका दमात खोड, मग फांद्या, मग पानांचा नुसता भास. असं झाड काढणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. देवानं त्यांना झाडांचं सगळं प्रेम दिलं, फक्त ते कागदावरच्या झाडांपुरतं दिलं.

आता आमची कामाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच घडलं. आमचा नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जागा. झाड म्हणजे एक गोल. प्रत्यक्षात लावायचं असतं अंगठ्याएवढं जाड रोपटं, पण ते तेवढंच काढलं तर कागदावर ठिपका दिसतो आणि गिऱ्हाइकाचं तोंड पडतं. म्हणून आम्ही झाड पंचवीस वर्षांनी जेवढं होईल तेवढं काढतो. वर त्याला सावली द्यायची. सावली नेहमी खाली आणि उजवीकडे. उत्तर दिशा कागदावर कुठेही असो, सूर्य बिचारा कुठूनही येत असो, आमच्या ऑफिसात सावली खाली उजवीकडेच पडते. तशी काढली की डोळ्याला गोल उठून दिसतात, चित्र जिवंत वाटतं. कागदावरच्या सावलीत कुणी बसायला येत नाही, त्यामुळे एकोणीस वर्षांत कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी सरांनी स्वतःचं घर नव्यानं करून घेतलं. भिंती पांढऱ्या, गच्ची करड्या दगडाची, आणि गच्चीवर एकच कुंडी. अण्णांनी त्या गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत पुदिना, मिरच्या, टोमॅटो असं काय काय लावलं होतं. वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नींना, ते डबे खुपायचे. सरांचं म्हणणं, डब्यांमुळे गच्चीची रेषा बिघडते. अण्णांनी काही दिवस डबे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवून पाहिले. मग एक दिवस त्यांनीच सांगितलं की शहराच्या टोकाला एक वृद्धाश्रम आहे, तिथे बागेतले जुने दोन सोबती राहतात, आपण तिकडे जातो. डबे त्यांनी शेजाऱ्यांना वाटून टाकले. सरांनी ऑफिसात सांगताना 'अण्णांनी निसर्गाच्या सान्निध्यात राहायचं ठरवलं' असं सांगितलं.

निसर्ग म्हणजे काय, तर आश्रमाच्या अंगणातलं एकुलतं एक तुतीचं झाड. जुनं, वाकडं, एका अंगाला भिंतीकडे कललेलं, पण पसारा एवढा की अर्धं अंगण झाकून टाकायचं. त्याखाली चौदा खुर्च्या होत्या, एकीला दुसरीचा मेळ नाही. सकाळी आठ-नऊला मंडळी बाहेर यायची ती दिवेलागणीपर्यंत तिथेच. सावली सरकली की खुर्च्या सरकायच्या. सकाळी झाडाच्या या बाजूला, दुपारी खोडाला चिकटून, संध्याकाळी त्या बाजूला. खुर्च्या ओढायचा हुकूम गणिताच्या बाई द्यायच्या. या तिथल्याच एक रहिवासी, शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झालेल्या, पण आवाज अजून वर्गावरचाच. अण्णांची खुर्ची खोडाजवळ असायची. गप्पा, भांडणं, वर्तमानपत्राची फाडाफाडी, सगळं त्या झाडाखाली व्हायचं. जेवणाच्या घंटेला आत जायचं आणि जेवून परत बाहेर यायचं.

याच सुमाराला आश्रमाला एक देणगी मिळाली आणि समितीनं अंगण नीटनेटकं करायचं ठरवलं. तिथल्या व्यवस्थापक बाईंना माहीत होतं की अण्णांचा मुलगा या धंद्यातला मोठा माणूस आहे. त्यांनी सरांना फोन केला. सर कुठलंही काम चटकन घेत नाहीत, पण हे त्यांनी फोनवरच घेतलं आणि फी नको म्हणाले. मला आधी वाटलं, बापासाठी काळीज हललं. मग पुरस्काराचा अर्ज टेबलावर आला. त्यात 'सामाजिक बांधिलकी' नावाचा रकाना होता, आणि आमच्याकडे तो वर्षानुवर्षं कोरा जात होता.

आम्ही जागा पाहायला गेलो. सर फाटकातून आत आले, थांबले, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, लिहून घ्या. फाटक ते मुख्य दरवाजा, हा अक्ष."

मी टेप धरला. अक्ष म्हणजे जागेच्या मधोमध जाणारी सरळ रेषा. सरांचं कुठलंही काम अक्षाशिवाय सुरू होत नाही. एकदा एका बंगल्यात त्यांनी अक्षासाठी मालकाची विहीर बुजवायला सांगितली होती, मालकानं आम्हालाच हाकललं.

"आणि हे झाड?" मी विचारलं.

"हे अक्षावर नाहीये," सर म्हणाले. मग त्यांना शिंक आली. झाडाखाली बसलेली चौदा माणसं आमच्याकडे बघत होती. अण्णांनी हात वर केला. सरांनीही केला, पण सातव्या शिंकेमुळे तो नाकाकडे गेला. निघताना पिकलेली तुती बुटाखाली आली आणि पांढऱ्या बुटावर जांभळा डाग पडला. त्या झाडाचा निकाल तिथेच लागला असं माझं मत आहे, पण सर नाही म्हणतील.

मी मोजून पाहिलं. झाड अक्षापासून साडेचार फूट डावीकडे होतं. ऑफिसात आल्यावर मी नकाशात तुती ठेवली आणि तिच्याभोवती वळसा घालून वाट काढली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे काय आहे?"

"तुती, सर. तिथे सगळे बसतात. अण्णाही."

"ताई, अक्ष वळसा घालत नसतो," सर अगदी मऊ आवाजात म्हणाले. मऊ आवाज म्हणजे विषय संपला. तुतीच्या जागी पांढऱ्या दगडाची फरसबंदी आली. अक्षाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा नवी झाडं. सहा बाकं, दगडाची, बिनपाठीची, कारण पाठ लावली की बाकाची रेषा तुटते. मी बारा मोठे गोल काढले आणि नेहमीच्या हातानं सावल्या टाकल्या, खाली, उजवीकडे. सरांनी त्या सावल्या निरखून पाहिल्या आणि सहाही बाकं उचलून त्या सावल्यांत ठेवली. चित्र इतकं देखणं झालं की मलाही क्षणभर तिथे जाऊन बसावंसं वाटलं.

सादरीकरण आश्रमाच्या जेवणाच्या खोलीत झालं. भिंतीला मोठी रंगीत प्रत लावली. समितीची माणसं पुढे बसली, रहिवासी मागे. सर बोलायला उभे राहिले.

"फाटकापासून दरवाजापर्यंत हा जो अक्ष जातो, तो या जागेचा कणा आहे."

"माझ्या कण्याचं काहीतरी बघा आधी," पाठीला पट्टा बांधलेले एक आजोबा मागून म्हणाले. खोली हसली. सर हसले नाहीत. त्यांनी अवकाश, लय, श्वास, संवाद असे शब्द एकापाठोपाठ एक सोडले. समितीचे अध्यक्ष मान डोलवत राहिले, कारण न कळल्यावर दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग अण्णा उभे राहिले. "अरे, ती तुती ठेवता नाही का येणार?"

"अण्णा, आपल्या सर्वांच्या भावना मी समजू शकतो," सर म्हणाले. स्वतःच्या बापाशी इतकं छापील बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"भावना कसल्या? मी सावलीचं बोलतोय. फळ सांडतं, डाग पडतात म्हणशील तर मी छाटून देतो. नीट छाटली की फळ कमी धरते. हात चालतात अजून माझे."

"प्रश्न फळांचा नाही. झाड अक्षावर नाहीये. साडेचार फूट डावीकडे आहे."

"मग रस्ता साडेचार फूट डावीकडे घे की!"

मागच्या खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. सर त्या खुर्च्यांकडे बघून, लहान मुलांच्या हट्टाला हसावं तसं हसले. तेवढ्यात गणिताच्या बाई काठी टेकत थेट नकाशापाशी गेल्या.

"उत्तर वर आहे ना ही?"

"हो."

"मग सावल्या खाली पडल्यात, म्हणजे दक्षिणेला. त्यासाठी सूर्य उत्तरेला पाहिजे. सत्तर वर्षं मी सूर्य बघतेय. आपल्याकडे भरदुपारी तो एवढा त्या बाजूला गेलेला मला तरी आठवत नाही."

"बाई, ती रेखाटनाची पद्धत आहे. सावली फक्त दिसण्यासाठी असते."

"आणि बाकं त्याच सावलीत ठेवलीत. तीही दिसण्यासाठीच का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. सावल्या मी काढल्या होत्या. बाईंचं शंभर टक्के बरोबर होतं. उद्याचं सोडा, पंचवीस वर्षांनी झाडं वाढली तरीही ती सहा बाकं उन्हातच राहणार होती, कारण सावली झाडांच्या पलीकडे, उत्तरेला पडणार होती. मला हे तिथे उभ्या उभ्या कळलं. मी म्हणाले, "तपासून घेते." ऑफिसात सगळ्यात जास्त कामाला येणारे हे दोन शब्द आहेत. ते उच्चारले की तपासावं लागत नाही.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. चित्र छान आहे, देणगीदारांना दाखवण्यासारखं आहे, असं म्हणून त्यांनी मंजुरी देऊन टाकली. गाडीत मी सरांना म्हटलं, निदान बाकं तरी दुसऱ्या बाजूला घेऊ. सर म्हणाले, "लय बिघडेल, ताई." मी खिडकीबाहेर बघत बसले. नोकरीचा प्रश्न होता म्हणून गप्प बसले, असं म्हणायची सोय आहे. पण खरं तर एकोणीस वर्षांत गप्प बसायची इतकी सवय झाली होती की फारसं जडही गेलं नाही. माझा परिचय कधी कुणी मागितला तर एवढं एक वाक्य खरं लिहीन.

झाड तोडायच्या दिवशी बाकांच्या खुणा करायला मी साइटवर होते. सर आले नाहीत. कंत्राटदाराची माणसं करवत घेऊन थेट खोडाला भिडली, तेव्हा अण्णा खुर्चीतून उठले.

"अरे थांबा, थांबा. असं नाही. आधी वरच्या फांद्या उतरवा. भिंतीकडे कललंय ते, तसंच पाडाल तर भिंत घेऊन जाईल. दोर या अंगाला बांधा."

माणसांनी त्यांचं ऐकलं. साडेतीन तास अण्णा उन्हात उभे राहून एकेक फांदी सांगत होते, ही आधी, ही नंतर. आपल्याच बसायच्या जागेवरचं छप्पर कसं उतरवायचं ते म्हातारा नीट समजावून देत होता, आणि चुकलं की ओरडत होता. बाकीची बारा माणसं व्हरांड्यात ओळीनं उभी होती. गणिताच्या बाई तेवढ्या आत निघून गेल्या.

"हे काका कोण?" कंत्राटदारानं मला विचारलं.

"सरांचे वडील."

"तरीच! तरीच सरांना झाडातलं एवढं कळतं," कंत्राटदार म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूसही नव्हता. दुपारी सरांचा फोन आला. त्यांनी विचारलं, "अक्ष मोकळा झाला का?" मी म्हटलं, झाला.

तीन महिन्यांत अंगण तयार झालं. अगदी नकाशातल्यासारखं, फक्त झाडं सोडून. झाडं म्हणजे बारा काठ्या आणि त्यांना बांधलेल्या आणखी बारा काठ्या. कुठली काठी झाड आहे ते जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. पांढरी फरशी सकाळी दहालाच डोळ्यांवर यायची. बाकं तापायची, आणि तापली नसती तरी उपयोग नव्हता. बिनपाठीच्या बाकावर सत्तरीतला माणूस किती वेळ बसणार? पट्टेवाल्या आजोबांनी एकदा प्रयोग केला. बसले, पाठ टेकायला गेले आणि मागे कोसळता कोसळता वाचले.

मंडळींनी खुर्च्या व्हरांड्यात नेल्या. व्हरांडा चार फुटांचा. चौदा खुर्च्या एका रांगेत भिंतीकडे पाठ करून लागल्या. पहिल्या खुर्चीतल्यानं बोललेलं सहाव्या खुर्चीपर्यंत पोचायचं नाही. त्यात जेवणाची ढकलगाडी जाईना. व्यवस्थापक बाईंनी हात जोडून सांगितलं, खुर्च्या आपापल्या खोल्यांत न्या. त्यांचाही नाइलाज होता. मी दुरुस्तीची यादी करायला गेले तेव्हा अंगण लखलखीत होतं आणि त्यात एक माणूस नव्हता. आतल्या लांबलचक बोळात चौदा दारं, बरीचशी लोटलेली. अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, अण्णा, बरं आहे ना? ते म्हणाले, "बरं आहे. बोलायला माणसं आहेत म्हणून आलो होतो इथे. आता प्रत्येकाचं दार वाजवावं लागतं, आणि वाजवलं तर तो झोपलेला असतो."

मी ऑफिसात येऊन हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच आवाज चढवून सांगितलं. सर ऐकत होते, हातात पेन्सिल होती, आणि कागदावर एक सुरेख झाड तयार होत होतं. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, "लोकांना चांगल्या अवकाशाची सवय व्हायला वेळ लागतो." मग म्हणाले, "गुरुवारी फोटो काढायचेत. माणसं लागतील."

गुरुवारी दुपारी तीनला आम्ही आश्रमात पोचलो. फोटोग्राफर सरांच्या ओळखीचा, सगळ्या पुरस्कारांचे फोटो काढणारा. त्यानं आल्या आल्या सांगितलं की जागा झकास आहे, पण वापरात दिसली पाहिजे. सर बोळातून दारं वाजवत गेले. पट्टेवाल्या आजोबांनी पाठ दाखवली. गणिताच्या बाईंनी दार अर्धं उघडलं.

"बाई, फक्त दहा मिनिटं. बाकावर बसायचं आहे."

"तुमच्या नकाशात आम्हाला सावलीत बसवलंतच की. तोच द्या पाठवून," बाई म्हणाल्या आणि दार लागलं.

शेवटी अण्णा आले. त्यांना मुलानं बोलावलं होतं. डोक्यावर ओला रुमाल टाकून, हळूहळू पाय टाकत ते अंगणात आले. बाकावर बसायच्या आधी सवयीनं जवळच्या रोपट्यापाशी गेले. काठीला बांधलेली सुतळी खोडात रुतली होती. ती त्यांनी नखानं सोडवली आणि सैल करून परत बांधली. मग दुसऱ्या रोपट्याची, मग तिसऱ्याची. फोटोग्राफर घाई करायला लागला तेव्हा बाकावर येऊन बसले.

"अण्णा, तेवढा रुमाल काढाल का? फोटोत बरा दिसत नाही," सर म्हणाले.

अण्णांनी रुमाल काढून घडी केली आणि मांडीवर ठेवला. ऊन सरळ तोंडावर येत होतं. फोटोग्राफर कॅमेऱ्याची तिपाई इकडून तिकडे नेत होता. सर बाकापाशी उभे राहून अण्णांच्या सदऱ्याची कॉलर नीट करत होते. अण्णा डोळे बारीक करून त्या बारा काठ्यांकडे बघत होते.

"रोपं चांगली निवडलीस," ते म्हणाले. सरांच्या कामाबद्दल त्यांना चांगलं बोलताना मी प्रथमच ऐकलं. सर एकदम खुलले.

"आवडलं ना, अण्णा?"

"रोपं चांगली आहेत. सावली धरायला किती वर्षं धरलीस?"

"पंधरा. पूर्ण भरायला पंचवीस."

अण्णांनी बोटांवर काहीतरी मोजलं. चौतीस वर्षं बागेत काढलेला माणूस, झाडाचा हिशेब तो उगाच करत नव्हता.

"तुला आता छप्पन्न ना?"

"हो. का?"

"म्हणजे बरोबर बेतलंस," अण्णा म्हणाले. आवाजात ना राग, ना टोमणा. एका माळ्यानं दुसऱ्याला सांगावं तसं ते सांगत होते. "तू इथे राहायला येशील तोवर होतील तयार."

सरांचा हात कॉलरवरच राहिला. मी माझ्या वहीत बघत होते.

"सर," तिपाईमागून फोटोग्राफर ओरडला, "जरा बाजूला व्हा. त्यांच्या तोंडावर तुमची सावली पडतेय."

सर बाजूला झाले.